फार्गो, बेडफर्ड, लेलँड: घाटातल्या जुन्या गाड्यांकडून शेतकऱ्यानं काय घ्यावं



भात कापणी उरकली, झोडणीही बहुतेकांची झाली. एरवी या पानावर मी भात, वाल, चवळी आणि खता-पाण्याचीच टिपणं टाकतो. आज ट्रकवर लिहितोय. शेतीच्या पानावर ट्रक कशाला, असं कुणी म्हणेल. तर माल खळ्यात असतो तोवर तो नुसता माल असतो. बाजारात पोचला की त्याचे पैसे होतात. खळं आणि बाजार यांच्यामधे गाडी असते आणि गाडीचा खर्च आपण वहीत नीट लिहीत नाही. बी, खत, मजुरी लिहितो आणि भाड्याच्या जागी नुसतं "गाडी" लिहून आकडा टाकतो.

दुसरं कारण म्हणजे आपल्या पनवेल तालुक्यात सध्या घरोघरी गाडीचा विषय आहे. विमानतळ, मोठे रस्ते, नैना, कुठं ना कुठं जमीन जाते आणि पैसे येतात. पैसे आले की पोरांच्या डोक्यात पहिला डंपर येतो. मग विचारणा सुरू होते, "नाना, कुठली कंपनी घेऊ? पॉवर किती पायजे?"

मी १९८७ ला दहावी पास झालो आणि पुढची चार वर्षं ट्रकवर क्लिनर होतो. तीन वर्षं मामाच्या फार्गोवर आणि एक वर्ष पेणच्या एका ठेकेदाराच्या लेलँड कॉमेटवर. फार्गो अमेरिकन नावाची, लेलँड इंग्लिश नावाची. दोन्ही जुन्या, दोन्ही आमच्या कर्नाळ्याच्या खिंडीतून रोज जाणाऱ्या. त्या वेळी जे बघितलं आणि नंतर जे वाचून समजलं, ते दोन्ही इथं मांडतो.

आधी अमेरिकन गाड्यांचं

आमच्या भागात रस्त्याच्या आधी खाडी होती. बैलगाडीनं माल पनवेलला किंवा पेणच्या अंतोरा बंदराला जायचा आणि तिथून मचव्यानं मुंबईला. ट्रक आला तसा तो व्यवहार हळूहळू बंद झाला.

मुंबईत मोटारी जोडायचं काम अमेरिकन कंपन्यांनी लवकर सुरू केलं. जनरल मोटर्सनं १९२८ साली शिवडीला कारखाना टाकला. तिथं सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि शेवरोले गाड्या जोडल्या जायच्या. दुसऱ्या महायुद्धात तर अमेरिकन ट्रकांचा पूरच आला. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ता बांधला गेला आणि जानेवारी १९४५ मध्ये त्यावरून पहिला काफिला निघाला. लढाई संपल्यावर लष्करातल्या गाड्या विकायला निघाल्या. त्यांना लोक डिस्पोजलच्या गाड्या म्हणत. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या ट्रकमालकांची सुरुवात अशाच गाडीनं झाली.

या गाड्या बहुतेक पेट्रोलच्या. वजनाला हलक्या, पळायला चपळ, चालू व्हायला सोप्या. पण पेट्रोल पिणाऱ्या. अमेरिकेत तेल घरचं आणि स्वस्त, रस्ते लांब आणि सरळ. तिथं असली गाडी परवडली. आपल्याकडे तेल बाहेरून येणारं. लढाईच्या काळात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा इथल्या मोटारींना मागं शेगडी बसवून लाकडी कोळशाच्या गॅसवर चालवावं लागलं होतं.

कोकणात पेट्रोल इंजिनाला अजून एक अडचण होती, पाऊस. पेट्रोल इंजिन ठिणगीवर चालतं. कॉईल, डिस्ट्रिब्युटर, प्लगच्या वायरी, यात कुठंही ओल शिरली की गाडी जागेवर थांबते. जुलैतल्या पावसात ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं, त्यात गाडी घातली आणि पंख्यानं ते पाणी इंजिनावर उडवलं की संपलं. मग फडकं घेऊन वायरी पुसत बसायचं. डिझेलला ठिणगी लागत नाही. ते हवा इतकी दाबतं की हवाच तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे पावसाला ते कमी घाबरतं आणि बोजा ओढताना पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश इंधन वाचवतं.

अमेरिकेत डिझेल नव्हतं असं नाही. कमिन्स नावाच्या माणसानं १९३१ साली डिझेल इंजिनाचा ट्रक न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसपर्यंत नेऊन दाखवला, तोही साधारण अकरा डॉलरच्या डिझेलमध्ये. पण पेट्रोल स्वस्त असल्यामुळे तिथल्या बऱ्याच ट्रकवाल्यांना डिझेलची घाई नव्हती.

आता इंग्लिश गाड्यांचं

इंग्लंडचं गणित उलटं. देश लहान, रस्ते अरुंद आणि वळणाचे, तेल बाहेरून आणायचं. शिवाय कायदा असा की जड लॉरीनं ताशी २० मैलांच्या वर जायचं नाही. ही मर्यादा १९५७ साली ३० मैल झाली. म्हणजे बत्तीस किलोमीटरच्या वेगानं जाणारी गाडी बनवायची, तर पळणारं इंजिन कशाला? त्यांनी हळू फिरणारी, जड, दणकट डिझेल इंजिनं बनवली. शंभरच्या आसपास हॉर्सपॉवर, पण बोजा घेऊन दिवसभर एकाच सुरात चालणारी. आणि लांबी वाचवण्यासाठी ड्रायव्हरला इंजिनाच्या मागं न बसवता शेजारी बसवला. नाक गेलं आणि तेवढी जागा हौद्याला मिळाली. अमेरिकन गाडीला लांब नाक आणि इंग्लिश गाडी चपटी, हा फरक बऱ्याच अंशी असा रस्त्यामुळं पडला.

लेलँड आपल्याकडे मद्रासमार्गे आली. तिथं १९४८ साली अशोक मोटर्स सुरू झाली, आधी ऑस्टिन मोटारी जोडायला. १९५० मध्ये इंग्लंडच्या लेलँडशी करार झाला आणि १९५५ ला नाव अशोक लेलँड झालं. आपल्या कोकणातल्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. एन्नोरला जोडलेल्या पहिल्या कॉमेट गाड्या १९५१ मध्ये मंगलोरच्या कौलांच्या कारखान्याला गेल्या. आपल्या घरांवर जी मंगलोरी कौलं आहेत, त्याच धंद्याला. कौल म्हणजे वजनही आणि फुटणारा मालही. पहिलीच परीक्षा अवघड होती.

नावावर जाऊ नका

इथं एक गंमत आहे. आपण गाडीच्या नावावरून देश ठरवतो, पण आत बघितलं तर हिशेब वेगळाच निघतो.

मामाची फार्गो घ्या. फार्गो आणि डॉज ही एकाच अमेरिकन क्रायसलर कंपनीची दोन नावं. गाडी तीच, पाटी वेगळी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून या गाड्या जोडायला सुरुवात झाली. आता मामाच्या फार्गोचं नाक उघडलं की आत काय? पर्किन्स पी-सिक्स. इंग्लंडच्या पीटरबरोचं डिझेल इंजिन, मद्रासच्या सिम्पसन कंपनीत बनलेलं. सहा सिलिंडर, ८३ हॉर्सपॉवर. आणि केबिन? केबिन लाकडी, इथल्या सुतारानं बनवलेली. तेव्हा कंपनी नुसती चासी द्यायची, वरचं सगळं आपण करून घ्यायचं. म्हणजे सांगाडा अमेरिकन, काळीज इंग्लिश आणि कपडे आपले.

बेडफर्डचं त्याच्या उलट. सगळे तिला इंग्लिश गाडी म्हणत. बनायचीही इंग्लंडातच, व्हॉक्सहॉल कंपनीत, १९३१ पासून. पण व्हॉक्सहॉल १९२५ सालीच अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं विकत घेतलेली. पहिल्या बेडफर्डचं घराणं शेवरोलेचं. आपल्याकडे ती हिंदुस्थान मोटर्सनं बंगालात बनवली.

ज्यांच्याकडे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आहे त्यांनी उद्या इंजिनावरचं नाव वाचून बघा. सिम्पसन दिसेल. म्हणजे फार्गोच्या त्या इंजिनाचं भाऊबंद आजही कितीतरी जणांच्या शेतात चिखलणी करतंय.

घाटात काय दिसलं

पनवेलहून गोव्याकडे निघालं की पळस्प्यानंतर पहिला चढ आमच्या कर्नाळ्याच्या खिंडीचा. तो लहान. पुढे सुकेळी खिंड, मग पोलादपूर सोडलं की कशेडी, खेडचा भोस्ते, चिपळूणच्या आधी परशुराम. खरी गाडी कळते ती कशेडीत.

फार्गो मोकळ्या रस्त्यावर चांगली पळायची. पर्किन्सचं इंजिन जरा वरच्या आवाजात फिरायचं, ते खाली बसलं की ओढ संपायची. म्हणून चढावर गिअर लवकर टाकावा लागे. तोही डबल क्लच मारून, कारण गिअर आपणहून जुळत नसत. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, परत दाबा, मग टाका. घाटात हे चुकलं तर गाडी न्यूट्रलमध्ये अडकते आणि मागं यायला लागते. म्हणून क्लिनरचं काम काय, तर हातात लाकडी ठोकळा घेऊन फाळक्याजवळ तयार राहायचं आणि गाडी थांबली की उडी मारून चाकामागं तो लावायचा. अर्ध्या कशेडीत पाणी उकळलं की मामा गाडी कडेला घ्यायचा आणि म्हणायचा, "गारी दमली रं. तिला पानी दे, आपन बिडी वढू." पण उकळत्या रेडिएटरचं झाकण तो कधी लगेच उघडू द्यायचा नाही. आधी इंजिन हळू चालू ठेवायचं, जरा निवलं की ओलं फडकं ठेवून झाकण सैल करायचं.

लेलँडवर गेलो तेव्हा पहिल्याच फेरीत फरक कळला. कॉमेटचं इंजिन मोठं, सहा लिटरच्या आसपास, खालच्या आवाजात घुमणारं. चढ आला की ते हळू व्हायचं पण सोडायचं नाही. नांगराला रेडा जोडल्यासारखं. फार्गो ज्या वळणावर पहिला गिअर मागायची तिथं लेलँड दुसऱ्यावर निघायची. पण सपाटीवर लेलँडचा ड्रायव्हर कंटाळायचा आणि स्टेअरिंग इतकं जड की वळणावर खांदा दुखायचा.

उतरताना मात्र दोन्ही गाड्यांना नियम एकच. ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. आमच्या वेळी घाटाच्या पायथ्याशी ज्या गाड्या उलटलेल्या दिसायच्या, त्यातल्या बहुतेक उतारावरच्या. ब्रेक तापून गेलेले. चढावर इंजिन कमी पडलं तर वेळ जातो, उतारावर डोकं कमी पडलं तर माणूस जातो. गाडी घेताना सगळे चढ विचारतात, उतार कुणी विचारत नाही.

माल बघून गाडी

आता शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट. ट्रक चांगला की वाईट हे माल ठरवतो. आम्ही चार प्रकारचा माल वाहिला आणि चारही वेळा उत्तर वेगळं आलं.

तांदूळ: पनवेलच्या गिरण्यांतून पोती भरायची. माल जड, जागा कमी घेणारा. हौदा अर्धा दिसतो आणि गाडी पूर्ण भरलेली असते. इथं लेलँड सरस. चासी दणकट, कमानीचे पाटे जाड.

गवत आणि पेंढा: गवताच्या वखारीत दाबून बांधलेल्या गाठी मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. माल हलका पण हौद्याच्या वर माणूसभर. इथं लेलँडची ताकद फुकट. डिझेल जास्त, वजन तेवढंच. फार्गो हीच गवताची गाडी. फक्त दोर आणि ताडपत्री नीट पाहिजे आणि वळणावर सबुरी पाहिजे, कारण उंच भरलेली गाडी वाऱ्यानंही कलते.

मीठ: पेणच्या मिठागरांचं मीठ. जडही आणि लोखंड खाणारंही. मिठाची फेरी झाली की मामा गाडी ओढ्यात नेऊन खालून धुऊन घ्यायचा, चासी, पाटे, ब्रेकचे पाइप सगळं. मीठ वाहणारी जुनी गाडी कुणी विकत असेल तर रंग बघू नका, खाली झोपून चासी बघा. हातोडीनं वाजवा. आवाज खणखणीत आला पाहिजे.

आंबा: रत्नागिरीकडून एप्रिल-मे मध्ये पेट्या. इथं सगळ्यात मोठा धडा मिळाला. जड मालासाठी बनवलेल्या गाडीत हलका नाजूक माल घातला की तो जास्त हलतो. कारण कडक पाटे वजनानं दबतच नाहीत, मग खड्ड्याचा प्रत्येक धक्का थेट पेटीला लागतो. अर्ध्या भरलेल्या लेलँडमधून आलेल्या पेट्यांत दबलेली फळं जास्त निघायची, पूर्ण भरलेल्या फार्गोतून आलेल्यात कमी. आज टोमॅटो, कारली, पपई पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दोन टन भाजीला मोठी रिकामी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नये. भाड्यात वाचलेलं बाजारात प्रतवारीत जातं.

मग जिंकलं कोण?

आता विचाराल, शेवटी रस्त्यावर राहिलं कोण? १९८७ ला मी गाडीवर चढलो तेव्हाच उत्तर समोर होतं. खिंडीतून जाणाऱ्या गाड्या बघितल्या तर टाटाच टाटा. ती इंग्लिशही नव्हे आणि अमेरिकनही नव्हे. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले. करार १९६९ ला संपला, पुढच्या जाळीवरचा तारा गेला आणि टाटांचा टी आला. त्याच्या आधी, १९५३ मध्ये, सरकारच्या टॅरिफ कमिशननं सांगितलं होतं की नुसते पेट्यांतून भाग आणून जोडणाऱ्यांना इथं जागा नाही, इथं बनवायची तयारी असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्डनं कारखाने बंद केले. राहिले ते ज्यांनी भाग इथं बनवले. लेलँड राहिली. टाटा वाढली. फार्गो आणि बेडफर्ड हळूहळू मागं पडल्या.

माझ्या अनुभवातून सांगतो. आमच्या फार्गोचा मागचा हब एकदा रात्री पोलादपूरच्या अलीकडे गेला. पार्ट कुर्ल्याच्या जुन्या बाजारातूनच आणावा लागणार होता. मामा एसटीनं मुंबईला गेला आणि मी दोन रात्री गाडीखाली झोपून माल राखला. भाडं त्या दोन रात्रींतच संपलं. त्याच ठिकाणी एका टाटावाल्याचं काम बिघडलं, तर पोलादपूरचा फिटर डोळे मिटून ते उघडत होता आणि दुकानात पार्ट होता. सकाळी चहा पिऊन तो निघूनही गेला. आमची गाडी त्याच्या गाडीपेक्षा वाईट नव्हती. पण रात्री दोन वाजता पोलादपूरला ज्या गाडीचा पार्ट मिळतो तीच गाडी लांब पल्ल्याची. बाकी हॉर्सपॉवर, देश, नाव, सगळं त्याच्या मागं.

शेतातही हेच चालतं. भारीतला परदेशी पॉवर विडर घेऊन एका वायसरसाठी हंगाम घालवलेले शेतकरी मी बघितलेत. कृषी पदवीधर मित्रांनाही विनंती, अवजाराची शिफारस करताना त्याच्या ताकदीबरोबर दुरुस्ती किती किलोमीटरवर आहे तेही लिहा.

अमेरिकन इंजिन मात्र मागल्या दारानं परत आलं. कमिन्सनं किर्लोस्करांबरोबर १९६२ मध्ये पुण्यात कोथरूडला कारखाना काढला आणि १९९३ मध्ये टाटा कमिन्स झाली, जमशेदपूरला. पण यावेळी इंजिन इथं बनत होतं, म्हणून टिकलं.

आणि कोकण रेल्वेनं तर १९९९ च्या जानेवारीत कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रकच गाडीवर चढवून न्यायला सुरुवात केली. घाट, टायर, डिझेल सगळं वाचलं. चाळीस वर्षं ज्या घाटांसाठी आपण इंजिनांची तुलना केली, त्यावर एक उत्तर असंही होतं की घाटात जाऊच नका.

वजनाचा हिशेब

जुन्या गाड्यांच्या गप्पांत एक वाक्य नेहमी येतं, "तेव्हाच्या गाड्या दुप्पट माल ओढायच्या." ओढायच्या, खरं आहे. पण त्याची किंमत कोण देत होतं?

अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर रात्रंदिवस ट्रक फिरवले आणि रस्ता किती खराब होतो ते मोजलं. त्यातून ढोबळ नियम निघाला की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घातानं वाढतं. सोप्या भाषेत, वजन दुप्पट केलं तर नुकसान दुप्पट नाही, सोळापट. नुसतं वीस टक्के जादा भरलं तरी नुकसान दुप्पट. मग तोच रस्ता खड्ड्यांचा होतो आणि त्याच खड्ड्यांत आपला टोमॅटो फुटतो.

सरकारनं २०१८ मध्ये दोन एक्सलच्या ट्रकची एकूण मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन केली. ही मर्यादा गाडीसकट आहे. आधी गाडीचं रिकामं वजन काट्यावर करून घ्या, मग माल किती भरता येतो ते ठरवा.

पुतण्याला काय सांगितलं

माझ्या चुलत भावाच्या घरी जमिनीचे पैसे आले. पुतण्याच्या मनात दहा चाकी डंपर. तो हुशार आहे, मेहनती आहे. माझ्याकडे कंपनी विचारायला आला. मी म्हटलं, "कंपनी नंतर. आधी वही काढ."

नमुन्याचे आकडे धरले. समजा हप्ता महिना ४५,०००, ड्रायव्हर २०,०००, विमा-कर-टायरची राखीव रक्कम १५,०००. झाले ८०,०००. हे गाडी उभी राहिली तरी द्यायचेच. महिन्याला वीस फेऱ्या मिळाल्या तर प्रत्येक फेरीवर ४,००० चा बोजा, डिझेलच्या आधी. आठच मिळाल्या तर १०,०००. भराव चालू आहे तोवर वीस मिळतील. भराव कधीतरी संपतो, हप्ता पाच वर्षं चालतो.

तो म्हणाला, "पण नाना, सगळेच घेतायत ना."

मी म्हटलं, "म्हणून तर फेऱ्या वाटल्या जाणार."

मग आपल्याच मालाच्या फेऱ्या मोजल्या. दोन घरांचं भात, पेंढा, वाल आणि उन्हाळी भाजी मिळून वर्षाला मोठ्या गाडीच्या पाच-सहा फेऱ्या. लहान टेम्पोच्या पंचावन्न-साठ. म्हणजे आपल्या मालाला गाडी हवी ती लहान, रोज निघणारी. मोठी लागेल तेव्हा भाड्यानं मिळते. त्यानं अजून ठरवलेलं नाही. जमीन एकदाच विकली जाते, म्हणून मीही त्याला घाई करत नाही. गाडी पाच-दहा वर्षांत भंगारात जाते. त्या पैशातून काय घ्यायचं हे त्यानं हौसेनं ठरवू नये, वहीवरून ठरवावं, एवढंच माझं म्हणणं.

गाडी घेण्याआधी हे लिहून काढा

१. आपला माल जड की हलका, नाजूक की दणकट? गाडी त्यावरून.

२. वर्षाला आपल्या स्वतःच्या किती फेऱ्या? दुसऱ्याच्या भाड्याचा भरवसा किती महिन्यांचा?

३. परतीला माल आहे का? रिकामी परत येणारी गाडी अर्धं भाडं खाते.

४. आपल्या रोजच्या वाटेवर तिचा फिटर आणि पार्ट कुठं कुठं आहे? नकाशावर खुणा करा.

५. जुनी गाडी असेल तर इंजिनाच्या आधी चासी, पाटे आणि ब्रेक. मीठ, मासळी, खत वाहिलंय का ते विचारा.

६. चढ कसा चढते ते दलाल दाखवेल. उतार तुम्ही स्वतः बघा, भरलेल्या गाडीनं.

मामाची फार्गो १९९३ ला भंगारात गेली, इंजिन एका वीटभट्टीवाल्यानं पाण्याच्या पंपासाठी नेलं आणि ते पुढं बरीच वर्षं चाललं. तुमच्याकडे कुणाच्या घरी बेडफर्ड, डॉज, कॉमेट होती का? कुठला माल वाहिला, कुठल्या घाटात, लिटरला किती जायची? वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. आणि यंदा पेंढ्याला, भाजीला गाडीभाडं किती पडलं तेही तालुक्याच्या नावासकट लिहा. पुढच्या टिपणात ते आकडे एकत्र करून टाकतो, म्हणजे भाडं ठरवताना सगळ्यांना उपयोग होईल.

वालाची पेरणी ज्यांची राहिली असेल त्यांनी जमिनीत ओल आहे तोवर उरकून घ्या.